मेंढपाळाचे रूपक आणि ख्रिस्ती जीवनातील विश्वास : तेविसाव्या स्तोत्राच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

ख्रिस्ती कुटुंबातील अंत्यविधीच्या प्रसंगी बायबलमधील तेविसावे स्तोत्र अनेकदा वाचले जाते. रुग्णाच्या उशाशी होणाऱ्या प्रार्थनेत हेच स्तोत्र म्हटले जाते आणि लहान मुलांना पाठांतरासाठीही बहुधा याचीच निवड केली जाते. जुन्या करारातील 'स्तोत्रसंहिता' या ग्रंथात एकूण १५० स्तोत्रे आहेत. त्यांपैकी अवघ्या सहा वचनांच्या या स्तोत्राला जी लोकप्रियता लाभली, ती इतर फार थोड्या स्तोत्रांच्या वाट्याला आली. परमेश्वर हा मेंढपाळ आणि भक्त हे त्याच्या कळपातील मेंढरू, हे या स्तोत्राचे मध्यवर्ती रूपक आहे.

अतिपरिचयामुळे मात्र या रूपकाभोवती दोन गैरसमज रूढ झाले आहेत. पहिला गैरसमज श्रद्धावंतांमध्ये आढळतो. हिरवे कुरण, संथ पाणी आणि निश्चिंत मेंढरे असे चित्र डोळ्यांपुढे येते आणि देवावरील विश्वास म्हणजे संकटापासून सुटकेची हमी, असा अर्थ काढला जातो. संकट आल्यावर ही हमी खोटी ठरते आणि मग माणूस एकतर देवाला दोष देतो, नाहीतर आपलाच विश्वास अपुरा पडला असे मानून स्वतःला दोष देतो. दुसरा गैरसमज टीकाकारांमध्ये आढळतो. मेंढरू हा दुसऱ्याच्या मागे निमूट जाणारा प्राणी असल्यामुळे स्वतःला मेंढरू म्हणवणे म्हणजे बुद्धी गहाण ठेवणे, असा हा आक्षेप आहे. धर्मसंस्थेतील अधिकाराचा गैरवापर पाहता हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

प्रस्तुत लेखात या रूपकाची भौगोलिक पार्श्वभूमी, तेविसाव्या स्तोत्राची रचना, संदेष्ट्यांचे साहित्य, नवा करार आणि महाराष्ट्रातील एक उदाहरण यांच्या आधारे या दोन्ही समजुतींची तपासणी केली आहे. मेंढपाळ या रूपकातून व्यक्त होणारा विश्वास हा सुरक्षिततेवरचा नसून सोबतीवरचा विश्वास आहे, आणि हेच रूपक मानवी अधिकाराला निरंकुश न करता त्याच्यावर अंकुश ठेवते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

रूपकाची भूमी

कोणतेही रूपक समजून घेण्यासाठी ते ज्या भूमीत जन्मले ती भूमी पाहणे आवश्यक असते. परंपरेनुसार हे स्तोत्र दावीद राजाच्या नावावर आहे. दावीद हा बेथलेहेम येथील इशायाचा धाकटा मुलगा असून राजा होण्यापूर्वी तो बापाची मेंढरे राखत असे, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे. स्तोत्राच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांमध्ये एकमत नाही. परंतु कवीला मेंढपाळाच्या व्यवसायाची आणि यहूदाच्या डोंगराळ प्रदेशाची जवळून ओळख होती, हे उघड आहे.

जेरुसलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० ते ८०० मीटर उंचीवर आहे, तर मृत समुद्राची पातळी समुद्रसपाटीच्याही ४०० मीटरहून अधिक खाली आहे. या दोन ठिकाणांमधील सरळ अंतर पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत असूनही जेरुसलेम येथे वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मृत समुद्राच्या काठी १०० मिलिमीटरदेखील पडत नाही. यहूदाचे रान या दोहोंमध्ये, डोंगराच्या पर्जन्यछायेत येते. तेथे हिवाळी पावसानंतर थोडे दिवस गवत उगवते आणि लवकरच करपून जाते. खोल, अरुंद घळींमध्ये दुपारीही सावली असते, श्वापदांना दडण्यास जागा असते आणि दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा तेथे अचानक येऊ शकतो. अशा प्रदेशात हिरवे कुरण ही कायमची मालमत्ता नसते. आज ते कोठे आहे हे शोधून कळपाला तेथवर न्यावे लागते. सारांश, तेविसाव्या स्तोत्रातील कुरण हे मुक्कामाचे ठिकाण नसून वाटेवरचा विसावा आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. या दुष्काळी पट्ट्यातील धनगर मेंढपाळ पावसाळ्यानंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून चाऱ्याच्या शोधात निघतात. अनेक वाडे घाट उतरून कोकणात जातात, तेथे रात्री शेतात मेंढ्या बसवून लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी परततात. या मेंढपाळांच्या दैवतांचा आणि मौखिक परंपरेचा अभ्यास जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी केला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. धनगरांच्या दैवतपरंपरेचा बायबलशी संबंध नाही. तथापि मेंढपाळ म्हणजे बांधावर बसून पावा वाजवणारा निवांत माणूस नव्हे, तर कळपाबरोबर शेकडो मैल पायपीट करणारा, उघड्यावर झोपणारा आणि लांडग्याच्या भीतीने रात्र जागून काढणारा माणूस, हे वास्तव मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. स्तोत्रकर्त्याने देवासाठी निवडलेली प्रतिमा ही अशा कष्टकरी माणसाची आहे.

तेविसाव्या स्तोत्राची रचना

या पार्श्वभूमीवर स्तोत्र वाचले असता त्यातील क्रियापदांकडे प्रथम लक्ष जाते. मेंढपाळ कळपाला बसवतो, पाण्याकडे नेतो, माघारी आणतो आणि योग्य वाटांनी चालवतो. ही क्रियापदे बहुतांशी प्रवासाची आहेत. त्यांतील माघारी आणणे हे क्रियापद विशेष महत्त्वाचे आहे. त्याचा अर्थ जीव ताजातवाना करणे असा केला जातो; परंतु मूळ हिब्रू धातूचा अर्थ परत फिरणे असा आहे. भरकटलेल्या मेंढराला वळवून आणणे हा अर्थ त्यात अनुस्यूत आहे. मेंढरू चुकणार हे येथे गृहीत धरलेले आहे.

चौथ्या वचनात दाट अंधाराचे खोरे येते. येथील 'त्सलमावेत' या हिब्रू शब्दाचा अर्थ काही भाषांतरकार 'मृत्यूची छाया' असा करतात, तर काही 'निबिड अंधार' असा करतात. कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. मेंढपाळ कळपाला खोरे टाळून नेत नाही. वाट खोऱ्यातूनच जाते. उंचावरच्या एका कुरणातून दुसऱ्या कुरणाकडे जायचे तर मधली घळ ओलांडावीच लागते. तिसऱ्या वचनातील योग्य वाट आणि चौथ्या वचनातील अंधारी वाट या दोन वेगळ्या वाटा आहेत, असे स्तोत्र कोठेही सुचवत नाही. संकट आले म्हणजे वाट चुकली, हा निष्कर्ष त्यामुळे या स्तोत्राच्या आधारे काढता येत नाही.

याच ठिकाणी भाषेत एक बदल घडतो. पहिल्या तीन वचनांत कवी देवाविषयी बोलतो. देवाचा उल्लेख तृतीय पुरुषात येतो. अंधाराच्या खोऱ्यात पाऊल पडताच कवी देवाविषयी बोलणे थांबवून देवाशी बोलू लागतो. तृतीय पुरुषाचा द्वितीय पुरुष होतो. कुरणात जी श्रद्धा विधानाच्या रूपात होती, ती खोऱ्यात संवादाच्या रूपात येते. हिब्रू पाठाचे शब्द मोजले असता या निरीक्षणाला आणखी पुष्टी मिळते. शीर्षक वगळता स्तोत्रात ५५ शब्द आहेत. देव सोबत असल्याचे सांगणारे तीन शब्द बरोबर मध्यभागी येतात. त्यांच्या आधी २६ आणि नंतर २६ शब्द आहेत. ही योजना हेतुपुरस्सर केली असो वा नसो, स्तोत्राचा गाभा कोठे आहे हे त्यावरून ध्यानात येते. भीती न वाटण्याचे कारण म्हणून कवी धोका नसल्याचे सांगत नाही. सोबत असल्याचे सांगतो.

मेंढपाळाच्या हातातील दोन वस्तूंचा उल्लेखही अर्थपूर्ण आहे. एक आखूड, जाड सोटा असून तो श्वापदांना हाकलण्यासाठी वापरला जातो; दुसरी टेकण्यासाठी असलेली लांब काठी होय. रक्षण आणि आधार अशी ही दोन कार्ये आहेत. पाचव्या वचनात प्रतिमा बदलून परमेश्वर यजमान होतो आणि भक्तासाठी पंगत मांडतो. मात्र ती शत्रूंच्या डोळ्यांदेखत मांडलेली असते. शत्रू नाहीसे झालेले नाहीत. शेवटच्या वचनात चांगुलपणा आणि प्रेमदया भक्ताच्या मागे येतात असे म्हटले आहे. तेथील हिब्रू क्रियापद पाठलाग करणे या अर्थाचे असून ते इतरत्र बहुधा शत्रूच्या पाठलागासाठी वापरलेले आढळते. ज्याच्या पाठीवर आजवर वैरी होते, त्याच्या पाठीवर आता दया आहे, असा हा अर्थपूर्ण उलटफेर आहे.

तक्रार करणारा विश्वास

स्तोत्रसंहितेतील क्रमही येथे विचारात घेणे आवश्यक आहे. तेविसाव्या स्तोत्राच्या लगेच आधी येणारे बाविसावे स्तोत्र देवाने आपल्याला टाकून दिल्याच्या आक्रोशाने सुरू होते. वधस्तंभावर येशूने याच स्तोत्राच्या आरंभीचे शब्द उच्चारल्याचे मत्तय आणि मार्क यांनी नोंदवले आहे. ऐंशीव्या स्तोत्रात इस्राएलाचा मेंढपाळ म्हणून देवाला हाक मारली आहे; परंतु लगेचच त्याच मेंढपाळाला, प्रजेवरचा राग किती काळ राहणार, असा थेट प्रश्न विचारला आहे. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात तर देवाने आपल्याला कत्तलीच्या मेंढरांसारखे करून सोडले, अशी उघड तक्रार आहे.

विशेष हे की, या तक्रारी करणाऱ्यांना बायबलने अविश्वासी ठरवले नाही. त्यांची गाऱ्हाणी उपासनेच्या ग्रंथात समाविष्ट झाली आणि मंदिरात गायली गेली. यावरून विश्वासाविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. बायबलच्या दृष्टीने विश्वासाच्या विरुद्ध गोष्ट शंका किंवा तक्रार नसून पाठ फिरवणे ही आहे. जो तक्रार करतो तो अजून मेंढपाळाला उद्देशूनच बोलत असतो. आप्ताच्या मृत्यूनंतर प्रार्थनेत रागाचे शब्द आले म्हणून अपराधी वाटून घेणाऱ्या श्रद्धावंताला तेविसावे स्तोत्र एकटे वाचून दाखवणे पुरेसे नाही. त्याच्या शेजारचे बाविसावेही वाचले पाहिजे.

राजा, मेंढपाळ आणि यहेज्केलची टीका

दुसऱ्या आक्षेपाचा विचार करताना या रूपकाचा राजकीय इतिहास पाहावा लागतो. प्राचीन पश्चिम आशियात मेंढपाळ ही राजाची पदवी होती. इ.स.पू. अठराव्या शतकातील बाबिलोनचा राजा हम्मुराबी आपल्या प्रसिद्ध कायदेसंहितेच्या प्रास्ताविकात स्वतःला मेंढपाळ म्हणवतो. इजिप्तच्या फॅरोच्या हातातील वाकडी काठीदेखील याच प्रतिमेचे राजचिन्ह होय. प्रजा हा कळप आणि राजा हा त्याचा राखणदार, ही कल्पना सत्तेला सोयीची होती.

इस्राएलच्या संदेष्ट्यांनी हीच पदवी राजांवर उलटवली. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबिलोनी लोकांनी जेरुसलेममधील अनेकांना बंदिवासात नेले. यहेज्केल त्यांच्यापैकी एक होता. पुढे इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास जेरुसलेमचा पाडाव झाला. यहेज्केलच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात या विनाशाचा दोष मेंढपाळांना, म्हणजेच राज्यकर्त्यांना दिला आहे. ते कळपाला न चारता स्वतःचेच पोट भरतात, लोकर पांघरतात आणि पुष्ट मेंढरे कापून खातात. त्यांनी दुबळ्यांना बळ दिले नाही, आजाऱ्यांना बरे केले नाही, मोडलेल्यांना बांधले नाही आणि हरवलेल्यांचा शोध घेतला नाही, असे हे आरोपपत्र आहे. म्हणून परमेश्वर कळप त्यांच्या हातून काढून घेऊन स्वतः राखणार आहे. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायातही अशीच टीका आढळते.

यहेज्केल एवढ्यावर थांबत नाही. परमेश्वर मेंढरा-मेंढरांमध्येही न्याय करील, असे तो सांगतो. काही धष्टपुष्ट मेंढरे चांगले कुरण स्वतः खाऊन उरलेले पायांखाली तुडवतात, स्वच्छ पाणी पिऊन उरलेले गढूळ करतात आणि दुबळ्यांना शिंगांनी ढकलून देतात. त्यांचाही हिशेब होईल. कळपात असणे म्हणजे जबाबदारीतून सुटणे नव्हे, हे यातून स्पष्ट होते. परमेश्वराला मेंढपाळ मानण्याचा अर्थ असा की, कोणताही मानवी मेंढपाळ अंतिम नाही. कळप त्याच्या मालकीचा नाही आणि त्याला हिशेब द्यावा लागणार आहे. देवाच्या नावाने अधिकार गाजवणाऱ्यांना मोजण्याचे माप या रूपकाने सामान्य माणसाच्या हाती दिले आहे.

नव्या करारातील उत्तम मेंढपाळ

नव्या करारात हे रूपक येशू ख्रिस्ताला लावले आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा लोकसमुदाय पाहून येशूला कळवळा येतो. त्यानंतर तो आधी त्यांना शिकवतो आणि मग हिरव्या गवतावर बसवून जेवू घालतो. गवताच्या हिरवेपणाचा उल्लेख मार्कने आवर्जून केला आहे. तेविसाव्या स्तोत्राचे स्मरण तेथे जागे होते. मेंढपाळाचे पहिले काम शिकवणे हे आहे, ही बाब अध्यापनाच्या क्षेत्रातील वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

हरवलेल्या मेंढराचा दाखला लूक आणि मत्तय या दोघांनीही दिला आहे. परंतु त्यांचे संदर्भ वेगळे आहेत. लूकमध्ये येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परूशी व शास्त्री यांना हा दाखला ऐकवला आहे. मत्तयमध्ये तो शिष्यांना, म्हणजे पुढे मंडळीची जबाबदारी घेणाऱ्यांना उद्देशून आहे आणि लहानांपैकी एकालाही तुच्छ मानू नये या शिकवणीचा भाग आहे. नव्याण्णव सोडून एकाच्या शोधात जाणे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नाही. तथापि त्या एकाचा शोध घेतला जातो म्हणूनच उरलेल्या नव्याण्णवांनाही आपण हरवल्यास शोधले जाऊ, असा भरवसा वाटू शकतो.

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात या रूपकाचा सर्वांत विस्तृत आविष्कार आढळतो. तेथे मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, त्यांच्या पुढे चालतो आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखून मागे जातात. परक्याचा आवाज आला तर ती पळतात. येथे मेंढरू निर्बुद्ध नाही. आवाजा-आवाजातील फरक ओळखणे हीच त्याची बुद्धी आहे. लांडगा आला की मोलकरी पळून जातो, कारण मेंढरे त्याची नसतात. उत्तम मेंढपाळ मात्र मेंढरांसाठी प्राण देतो. 'उत्तम' या शब्दासाठी मूळ ग्रीकमध्ये 'कालोस' हे विशेषण आहे. चांगला, उदात्त आणि सुंदर अशा तिन्ही छटा त्यात आहेत. खऱ्या मेंढपाळाची कसोटी कळपाने किती आज्ञा पाळल्या ही नसून मेंढपाळाने स्वतःची किती किंमत मोजली, ही आहे. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात तर वधलेला कोकराच कळपाचा मेंढपाळ होतो. मेंढरांचे दुःख ज्याने स्वतः भोगले आहे, त्यालाच त्यांना चालवण्याचा अधिकार पोहोचतो, असा याचा आशय आहे.

कलेपासून 'पाळक' या संज्ञेपर्यंत

आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने हे रूपक चित्रांतही जतन केले. रोममधील प्रिस्किल्ला भुयारी दफनभूमीत खांद्यावर जनावर घेतलेल्या उत्तम मेंढपाळाचे भित्तिचित्र आहे. सीरियातील डुरा-युरोपोस येथे घराचे रूपांतर करून तयार केलेल्या उपासनास्थळाच्या बाप्तिस्मागृहातही मेंढपाळ आढळतो. इ.स. २५६ च्या सुमारास त्या नगराचा नाश झाला असल्याने हे चित्र त्यापूर्वीचे आहे. खांद्यावर जनावर घेतलेल्या माणसाची आकृती ग्रीक-रोमन कलेत पूर्वीपासून होती. ख्रिस्ती लोकांनी तिला नवा अर्थ दिला. आरंभीच्या काळातील लोकांनी आपल्या मृतांजवळ हे चित्र काढले, यावरून अंधाराच्या खोऱ्याविषयीची त्यांची समजूत कळते.

पुढे मेंढपाळ हा धर्माधिकाऱ्याचा पर्याय झाला. 'पास्टर' या लॅटिन शब्दाचा अर्थच मेंढपाळ असा आहे. इ.स. ५९० च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी धर्मसेवकांच्या कर्तव्यांवर लिहिलेला ग्रंथ पाश्चात्त्य चर्चमध्ये दीर्घकाळ आधारभूत मानला गेला. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये धर्मसेवकाला 'पाळक' म्हणतात. मराठीत 'पाळणे' या क्रियापदाला जोपासणे आणि शब्द किंवा वचन राखणे असे दोन्ही अर्थ आहेत. दिलेला शब्द पाळल्याशिवाय कळप पाळता येत नाही, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे.

या संस्थात्मक रूपाची चिकित्साही झाली आहे. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९७७-७८ मधील व्याख्यानांत मेंढपाळी सत्तेची संकल्पना मांडली. संपूर्ण कळपाची आणि प्रत्येक मेंढराची स्वतंत्रपणे काळजी घेणारी ही सत्ता माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचते, आज्ञाधारकता मागते आणि आधुनिक शासनव्यवहाराची पूर्वपीठिका ठरते, असे त्यांचे विश्लेषण होते. ही चिकित्सा गांभीर्याने घेण्याजोगी आहे. मात्र तिचा रोख ज्या संस्थेवर आहे, तिची झडती यहेज्केलने अडीच हजार वर्षांपूर्वीच घेतली होती. चर्चमधूनही असा आवाज वेळोवेळी उठला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ रोजी धर्मगुरूंसमोर केलेल्या प्रवचनात, मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यावा, अशा अर्थाची अपेक्षा व्यक्त केली होती. कळपापासून दूर, उंच आसनावर बसलेला माणूस मेंढपाळ असू शकत नाही, हा त्यामागील विचार होय.

पंडिता रमाबाई : एक उदाहरण

या दोन्ही बाजू एकाच जीवनात पाहावयाच्या असतील तर पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे उदाहरण बोलके आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण दगावली. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी यांचे निधन झाले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ही दीक्षा म्हणजे बुद्धीचे समर्पण नव्हते. ज्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे धर्ममतांविषयी तीव्र मतभेद झाले. भारतातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यानंतर तसेच दुसरे जू मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, असा आशय त्यांनी १८८५ मधील पत्रात स्पष्टपणे मांडला. देवावर विश्वास आणि धर्माधिकाऱ्यांची चिकित्सा या गोष्टी त्यांच्या ठायी परस्परविरोधी नव्हत्या. योहानाच्या भाषेत सांगायचे तर आवाज ओळखण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदनाची उभारणी झाली. दुष्काळात जिचे घर उद्ध्वस्त झाले, तीच दुष्काळातील शेकडो मुलींचा आसरा झाली. अंधाराच्या खोऱ्यातून चालून गेलेल्या व्यक्तीने पुन्हा खोऱ्यात उतरून इतरांना हात द्यावा, हा या रूपकाचा स्वाभाविक विस्तार आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू पेत्राला त्याच्या प्रेमाविषयी तीनदा विचारतो आणि तीनही वेळा मेंढरांचा सांभाळ करण्यास सांगतो. तेथेही विश्वासाचे पर्यवसान जबाबदारीत होते. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे, सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या कार्यामागील दृष्टी लक्षणीय आहे. कळपाने आवाज ओळखावा असे वाटत असेल, तर तो त्याला कळेल अशा भाषेत पोहोचवला पाहिजे. ग्रंथ थेट वाचता येणाऱ्या स्त्रीला फसवणे परक्या आवाजाला कठीण जाते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, मेंढपाळ या रूपकातून देवाविषयी जो विश्वास व्यक्त होतो, तो संकट न येण्याची हमी नव्हे. वाट खोऱ्यातून जाते, शत्रू समोर असतात आणि कधीकधी तक्रारही करावी लागते. मात्र प्रवास एकट्याचा नसतो. दुसरी अशी की, हे रूपक मानवी मेंढपाळांना मोकळीक देत नाही. यहेज्केलने विचारलेले प्रश्न, म्हणजे दुबळ्यांना बळ मिळाले का, आजाऱ्यांची शुश्रूषा झाली का, हरवलेल्यांचा शोध घेतला का, हे प्रत्येक पाळकाला, धर्मगुरूला आणि व्यापक अर्थाने अधिकारपदावरील प्रत्येक व्यक्तीला लागू होतात. तिसरी बाब अशी की, मेंढराची भूमिका निष्क्रिय नाही. आवाज ओळखणे, परक्याच्या मागे न जाणे, पाणी गढूळ न करणे आणि दुबळ्याला न ढकलणे ही त्याची कर्तव्ये आहेत.

अंत्यविधीच्या वेळी तेविसावे स्तोत्र वाचले जाते, तेव्हा शोकाकुल कुटुंबाला गेलेले माणूस परत मिळणार नसते आणि स्तोत्र तसे आश्वासन देतही नाही. ज्या अंधारात ते कुटुंब त्या क्षणी उभे आहे, त्या अंधाराचे नाव घेऊन ते त्याला पुढचे पाऊल टाकण्यास सांगते. तेथे जमलेल्या मंडळीने दुसऱ्या दिवशी त्या घराकडे पाठ फिरवली, तर स्तोत्राचे वाचन केवळ उपचार ठरते. कोणी त्या घरी जाऊन बसले, चूल पेटवली, मुलांच्या शाळेची चौकशी केली, तर मेंढपाळाच्या सोबतीचा अर्थ त्या कुटुंबाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.